लॉजचा गुण्या आणि गवंड्याचा गुण्या

सातपूर

ओळंबा, गुण्या, कंपास, थापी ही हत्यारे आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी खुंटीला टांगलेली असतील. भिंत सरळ की कललेली हे ओळंबा सांगतो, कोपरा काटकोनात बसला की नाही हे गुण्या सांगतो. त्यात गूढ असे काही नाही. पण हीच हत्यारे चांदीची करून गळ्यात घालणारी, कमरेला कातड्याचे पांढरे एप्रन बांधणारी आणि बंद दाराआड एकमेकांस 'बंधू' म्हणणारी एक मंडळी जगात तीनशे वर्षे नांदत आहे, आणि तीत वीट उचललेला इसम औषधालाही सापडत नाही. या मंडळीस फ्रीमेसन म्हणतात. मेसन म्हणजे गवंडी.

यांचा विषय आज काढण्यास कारण आहे. फिलिपाइन्स बेटांना स्वातंत्र्य फ्रीमेसनांनी मिळवून दिले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले व सांगितलेले आढळते. आणि आमच्या नाशकातही शपथा घेणाऱ्या गुप्त मंडळ्यांनीच स्वराज्य आणले असे सांगणारे कमी नाहीत. श्रेयाची ही वाटणी खरी की खोटी, हे कुणब्याने व कारागिराने एकदा स्वतः ओळंबा लावून पाहावे असे आम्हास वाटते.

युरोपात मोठमोठी देवालये बांधणाऱ्या पाथरवटांचे व गवंड्यांचे जुने संघ असत. काम शोधीत परगावी गेलेल्या कारागिराची ओळख पटावी म्हणून त्यांच्या खुणा ठरलेल्या असत. उमेदवार, कारागीर आणि उस्ताद अशा पायऱ्या असत. पुढे या संघांत हौसेने सरदार, वकील, वैद्य शिरले. 1717 साली लंडनच्या चार लॉजांनी मिळून ग्रँड लॉज काढली, तोवर संघ जवळजवळ त्यांचाच झाला होता. हत्यारे राहिली, हत्यार चालवणारा गेला. 1723 साली छापलेल्या त्यांच्या नियमांत लॉजमध्ये राजकारणाचा व धर्माच्या तंट्याचा शब्द काढावयाचा नाही असे घालून दिलेले आहे. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

हिंदुस्थानात ही लॉज कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांबरोबर आली. कलकत्त्यास 1730 च्या सुमारास पहिली लॉज निघाली, मग मुंबईस. लोक या बंद खिडक्यांच्या घरास काही शहरांत 'जादूघर' म्हणत. मुंबईत माणकजी करसेटजी नावाच्या पारशी गृहस्थांनी प्रवेश मागितला. हे माणकजी पुढे मुलींच्या शिक्षणासाठी झटले, मोठ्या योग्यतेचे गृहस्थ. परंतु गोऱ्या बंधूंनी दार लावून घेतले. तेव्हा माणकजींनी थेट पॅरिस गाठले आणि तेथे दीक्षा घेतली. अखेर डॉक्टर जेम्स बर्न्स या स्कॉच अधिकाऱ्याने 1843 साली मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' या नावाची निराळी लॉज नेटिवांसाठी काढून दिली. बंधुत्व कबूल, पण पंगत वेगळी! हा न्याय आमच्या वाचकांस नवा नाही.

त्या पंगतीतही आधी पारशी व मुसलमान बसले. हिंदूंस अडवण्याचे कारण काय, तर त्यांचे देव अनेक. शपथ कोणाची घ्यावयाची? कलकत्त्यास प्रसन्नकुमार दत्त यांनी यासाठी वर्षानुवर्षे भांडण मांडले व 1872 साली त्यांस प्रवेश मिळाला. जन्मावरून दार लावले हा अन्याय खरा. पण त्याच सालात देशभर किती विहिरी आणि किती देवळे जन्मावरूनच बंद होती, याचा हिशेब लॉजच्या दारात तिष्ठणाऱ्या थोरामोठ्यांनी मांडल्याचे आमच्या वाचनात नाही.

पुढे दादाभाई नवरोजी मेसन झाले, मोतीलाल नेहरू झाले, तरुणपणी विवेकानंदही 1884 साली कलकत्त्याच्या लॉजमध्ये जाऊन आले. ही माणसे मोठी होती, पण त्यांनी देशासाठी जे केले ते लॉजच्या बाहेर केले. आत तर कलेक्टर, जज्ज व कर्नल यांच्याबरोबर भोजन, धर्मादायास वर्गणी आणि राजकारणास मज्जाव. राज्य ज्याचे, त्याच्याच उजव्या हाताला बसून राज्य उलथत नसते. हिंदी मेसनांची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली ती 1961 साली, म्हणजे स्वराज्यास चौदा वर्षे उलटल्यावर!

मुंबईत खऱ्या गवंड्यांची मंडळी नव्हती असे मात्र नाही. कामाठीपुऱ्यात तेलंगणातून आलेले गवंडी आणि बिगारी राहत. इंग्रजांच्या मुंबईतल्या मोठमोठ्या इमारतींवर त्यांचा घाम सांडला आहे. त्यांच्यातूनच काही कंत्राटदार वर आले. 24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला तेव्हा मुंबईहून रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळोजी काळेवार, जाया कराडी लिंगू ही तेलुगू मंडळी पाठीशी उभी राहिली; समाजाच्या छापखान्याला व कामाला त्यांचा पैसा लागला. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. तेव्हा कोणी आम्हास विचारील की हिंदुस्थानात गवंड्यांची खरी लॉज कोणती, तर आम्ही सत्यशोधक समाजाकडे बोट दाखवू. तीस बंद दार नव्हते, आणि जोतीराव 1890 साली वारल्यावर तिची धुरा सावित्रीबाईंनी वाहिली. बाईमाणसास लॉजच्या उंबऱ्याशीही उभे करीत नसत. पण खोटे बोलण्यात अर्थ नाही. सत्यशोधकांनीही प्रारंभी राजनिष्ठेची शपथ घेतली होती. भटशाहीचे जोखड आधी उतरावे, इंग्रजांचे पुढे पाहू, असा त्यांचा हिशेब होता.

मग फिलिपाइन्समध्ये निराळे का घडले? लॉज तीच, हत्यारे तीच, एप्रन तेच. त्यास दोन कारणे झाली.

पहिले असे की तेथील मेसन इंग्रजी शाखेचे नव्हते. फ्रान्स, स्पेन, इटली येथील लॉजांनी राजकारणबंदी कधी मनापासून पाळली नाही. राजा व चर्च यांच्याशी त्यांचे हाडवैर होते. दुसरे कारण याहून मोठे. त्या बेटांवर सव्वातीनशे वर्षे स्पेनचे राज्य होते, पण गावात राज्य चाले ते फ्रायरांचे, म्हणजे मठवाल्या पाद्र्यांचे. डोमिनिकन, ऑगस्टिनियन, रेकोलेक्त असे त्यांचे मठ. जन्माची नोंद त्यांच्याकडे, लग्न त्यांच्याकडे, मौत त्यांच्याकडे, शाळा त्यांच्या नजरेखाली. कोण राजनिष्ठ व कोण बंडखोर हे सरकारला कळवणारेही तेच. आणि मनिलाच्या भोवतालची कसदार भातखाचरे व उसाचे मळे त्यांच्या मालकीचे. देवही त्यांचा आणि जमीनही त्यांची! जो पोथी वाचतो तोच खंड घेतो, असा हा कारभार. देशी पाद्री वरच्या जागा मागू लागले तेव्हा 1872 साली गोमेस, बुर्गोस व सामोरा या तीन देशी पाद्र्यांस बंडाच्या आरोपावरून गळा आवळून मारले.

कलांबा गावची गोष्ट ऐकावी. तेथील सगळे रान डोमिनिकनांचे. खंड दरसाल वाढू लागला. कुळांनी विचारले की ही जमीन तुमची कोणत्या कागदाने? झाले, दावे लागले, 1890-91 साली फौज आली, कुळांची घरे पाडली, कित्येक कुटुंबे हद्दपार झाली. त्या कुळांत होसे रिझाल या डॉक्टराचे घरही होते. रिझाल युरोपात शिकला, माद्रिदमध्ये मेसन झाला आणि फ्रायरांचे वाभाडे काढणाऱ्या दोन कादंबऱ्या त्याने 1887 व 1891 साली छापल्या. मार्सेलो देल पिलार, ग्रासियानो लोपेस हायना हे त्याचे सोबती. स्पेनमधल्या लॉजांत त्यांना बसावयास जागा, गुप्त नावे आणि स्पॅनिश पुढाऱ्यांशी ओळखी मिळाल्या. 'ला सोलिदारिदाद' हे पत्र त्यांनी 1889 ते 1895 पर्यंत चालवले. 1892 च्या जानेवारीत मनिलात 'निलाद' लॉज निघाली व तिच्यामागून आणखी निघाल्या. यांची मागणी काय? सुधारणा द्या, कायद्यापुढे समान लेखा, कोर्तेसमध्ये आमचे प्रतिनिधी घ्या. अर्जविनंत्यांचाच मार्ग. लॉजचे काम येथवर.

आता आंद्रेस बोनिफासिओ पाहा. मनिलाच्या तोंदो मोहल्ल्यातला पोरका मुलगा. हातकाठ्या आणि कागदी पंखे करून विकी व त्यावर भावंडे पोशी. पुढे परदेशी पेढीच्या गोदामात नोकरीला लागला. तोही एका लॉजमध्ये गेला. त्याने तेथील घडण पाहिली: पायऱ्या कशा असतात, परवलीचा शब्द कसा चालतो, शपथ माणसाला कशी बांधते. रिझालला पकडून दूर बेटावर पाठवल्याची बातमी आली त्याच सुमारास, 7 जुलै 1892 रोजी, बोनिफासिओ व त्याचे काही सोबती तोंदोतल्या एका घरात जमले आणि 'कातिपुनान' म्हणजे एकीची मंडळी स्थापिली. तीन पायऱ्या घेतल्या. परवलीच्या शब्दांत एक 'गोमबुर्सा', म्हणजे त्या तीन फाशी गेलेल्या पाद्र्यांची नावे जोडून केलेला. हाताला चीर देऊन रक्ताने सही. सांगाडा सगळा लॉजचा. पण भाषा स्पॅनिश सोडून तागालोग, सभासद कारकून, छापखान्यातले जुळारी, विडी-सिगारच्या कारखान्यातले कामकरी आणि पुढे खेड्यातली कुळे. बोनिफासिओची बायको ग्रेगोरिया दे हेसूस मंडळीचे कागद व शिक्के सांभाळी. पोलिसांची चाहूल लागताच ते घेऊन घराबाहेर पडे. आणि मागणी सुधारणांची राहिली नाही. स्पेनने चालते व्हावे एवढीच राहिली.

19 ऑगस्ट 1896 रोजी कबुलीच्या निमित्ताने एका पाद्र्याच्या कानी ही गुप्त गोष्ट गेली. धरपकड सुरू झाली. तेव्हा बोनिफासिओने माणसे रानात जमवली आणि सर्वांनी आपापले 'सेदुला', म्हणजे कर भरल्याचे दाखले, टराटरा फाडले. तेथून बंड पेटले. सरकारने मेसनांस हुडकून गोळ्या घातल्या. रिझालचा बंडात हात नव्हता, तरी 30 डिसेंबर 1896 रोजी त्यालाही घातल्या.

यापुढची हकिकत कोणी फारशी रंगवून सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. काविते प्रांतात बंडाला यश आले आणि तेथील जमीनजुमल्याचे घराणेदार पुढारी झाले. त्यांचा म्होरक्या एमिलिओ आगिनाल्दो, हाही मेसन. 22 मार्च 1897 रोजी तेहेरोस येथे सभा भरली. अध्यक्ष आगिनाल्दो झाला. बोनिफासिओस गृहखाते मिळाले. लगोलग एक गृहस्थ उठून म्हणाला की या जागेला वकिलीची सनद असलेला माणूस पाहिजे. ज्याने मंडळी उभी केली त्याला भर सभेत विचारणे की तुझी सनद कोठे! बोनिफासिओ संतापून निघून गेला. पुढे त्याला पकडले, आपल्याच लोकांनी त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालवला आणि 10 मे 1897 रोजी डोंगरात नेऊन ठार केले. लॉजमध्ये दोघे बंधूच होते. बंधुत्व कामास आले नाही. सनद विचारणारे तोंड आमच्या वाचकांनीही पाहिले आहे. सोसायटीच्या, पतपेढीच्या, मंडळाच्या सभेत कुणब्याने हिशेब विचारला की 'तुला कायदा कळतो काय?' असे ते तोंड म्हणते.

आता नाशकाकडे येऊ. 1900 च्या सुमारास येथे मित्रमेळा निघाला, 1904 साली त्याचाच 'अभिनव भारत' झाला. भगूरचे सावरकर बंधू हे त्याचे चालक. त्यांचा आदर्श इटलीचा मॅझिनी. तो तरुणपणी कार्बोनारी नावाच्या गुप्त मंडळीत होता, आणि कार्बोनारींचा विधी मेसनांच्या धर्तीचा. म्हणजे लॉजचे नाते फिरून फिरून गोदाकाठी आले. येथेही शपथ होती, गुप्त सभासद होते, विलायतेहून चोरून आणलेली पिस्तुले होती. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाटकगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सन यास गोळ्या घातल्या. कान्हेरे, कर्वे, देशपांडे हे तिघे 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्यास फाशी गेले. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचा पोर होता. त्याच्या मरणाची कोणी थट्टा करू नये. तो हसत गेला असो की रडत, जीव त्याने दिला.

परंतु मंडळीचे काय झाले? खटले झाले, जन्मठेपा झाल्या आणि नाशकातली मंडळी मोडली. जिल्ह्यातल्या कुणब्याने तिच्यासाठी कोठार उघडले नाही की रानात लपवले नाही. का? तर तिला कुणबी ठाऊकच नव्हता. सरकारच्या रौलट कमिटीने 1918 साली मुंबई इलाख्यातले हे कट ब्राह्मणांचे, त्यांतही बहुतेक चित्पावनांचे, असे लिहून ठेवले. ते सरकार शत्रू होते व त्याचा हेतू फूट पाडण्याचा होता हे मान्य. तरी यादी पाहता ती गोष्ट खोटी म्हणता येत नाही. ज्याच्या शेतावर सारा होता, सावकार होता, त्याला शपथ द्यावी असे वाड्यातल्या पोरांस सुचले नाही. बोनिफासिओस सुचले, कारण तो स्वतः त्याच आळीतला.

पुढे नाशकात जे मोठे उठले ते उघड्यावर उठले. 1914 साली मराठा विद्या प्रसारक समाज निघाला तो पोरांना शिकवण्यासाठी. 15 एप्रिल 1920 रोजी शाहू महाराजांनी उदोजी वसतिगृहाची कोनशिला बसवली ती भरदिवसा, लोकांसमक्ष. 2 मार्च 1930 रोजी डॉक्टर आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांच्या मागून हजारो अस्पृश्य बायाबापड्या काळारामाच्या दारी गेल्या, त्यांनी तर नाव, गाव काहीच झाकले नाही. त्यांच्यापाशी झाकण्याजोगे काही नव्हते, आणि लाठी उघडीच पडत होती.

गुप्तपणा वाईटच असे मात्र आम्ही म्हणत नाही. सातारा जिल्हा पाहा. 1943 पासून तीन वर्षे क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार गुप्तपणेच चालले. नाना पूर्वी तलाठी. दप्तर काय असते आणि सारा कोठे मुरतो हे त्यांस आतून माहीत. मुलूख आधीच सत्यशोधक जलशांनी नांगरलेला होता, 1920-21 च्या सुमारास कुळांनी तेथे खोत-इनामदारांशी झगडे घेतले होते. प्रतिसरकारने गावात न्यायनिवाडे केले, स्वस्तातली लग्ने लावली, गुंड व सावकार यांस धाक बसवला. नानांवर बक्षीस लावूनही ते सरकारच्या हाती लागले नाहीत. तेथे परवलीचा शब्द भाकरी बांधून देणाऱ्या म्हातारीलाही ठाऊक होता, आणि तिने तो बाहेर जाऊ दिला नाही. कातिपुनानची जोडी आमच्या देशात शोधावयाची तर ती मुंबईच्या मेसनिक हॉलात वा नाशकाच्या वाड्यात सापडत नाही. ती कुंडलच्या माळावर सापडते.

एवढे होऊन फ्रायरांच्या जमिनीचे काय झाले, हे तर सांगितलेच पाहिजे. कारण झगडा मुळात तिच्याचसाठी. 12 जून 1898 रोजी फिलिपिनोंनी स्वातंत्र्य जाहीर केले. त्याच वर्षी 10 डिसेंबरला स्पेनने ती सर्व बेटे अमेरिकेस दोन कोट डॉलरला विकली, आणि अमेरिकेने ती फौज घालून ताब्यात घेतली. गुलामांस मुक्त केल्याबद्दल ज्या अमेरिकेच्या लोकांस जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली, त्यांच्याच सरकारने पंचवीस वर्षांनी एक सबंध देश खरेदी केला! 1903 च्या सुमारास त्या सरकारने फ्रायरांची सुमारे चार लाख एकर जमीन बहात्तर लाख डॉलर मोजून घेतली व कुळांस विकावयास काढली. दर असा की पुष्कळ कुळांस तो परवडेना; चांगली चांगली राने पैसेवाल्यांकडे गेली, आणि मिंदोरो बेटावरची भली मोठी इस्टेट अमेरिकन साखरवाल्यांनी उचलली. 4 जुलै 1946 रोजी झेंडा बदलला. कूळ कूळच राहिले.

आमच्याकडे 1948 साली कूळकायदा झाला आणि दुरुस्तीनंतर 1 एप्रिल 1957 हा कसेल त्याच्या मालकीचा दिवस ठरला. पुष्कळ कुळांची नावे सातबाऱ्यावर चढली. पुष्कळांची तलाठ्याने व मालकाने मिळून खोडली, तेही झाले. पण कायदा झाला तो कुळांची मते मोजावी लागली म्हणून. आमच्या सातपुरात मात्र त्यानंतर दहा वर्षे लोटली नाहीत तोच त्र्यंबक रस्त्याच्या अंगाने कारखान्यांसाठी जमिनी संपादन होऊ लागल्या. मोबदला घेऊन काही घरे सावरली, काहींचा पैसा लग्नांत व गाड्यांत गेला, आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या शेडमध्ये त्याच घरातला मुलगा हजेरीवर उभा राहिला. त्याची संघटनाही झाली. तिची सभा पाळी सुटताना गेटावर भरते, आणि दुसऱ्या कारखान्याचा माणूसही तेथे उभा राहून ऐकतो.